राजाचा वाढदिवस आणि अण्णांची गादी

आइंडहोवन

अण्णांच्या बॅगेतून बँडचा कोट निघाला, तेव्हा माझा भाऊ मिलिंद खो खो हसला. लाल मखमली कोट, पितळी बटणं, दोन्ही खांद्यांवर सोनेरी झालरी. लाडवांचे डबे, मेतकूट, बाळंतिणीसाठी डिंक हे सगळं वर आणि तळाशी घडी करून हा कोट. निघायच्या आदल्या रात्री बॅग मीच भरली होती. कोट त्यात कधी गेला मला पत्ता नव्हता.

"अण्णा, हा कशाला आणलात?" मिलिंदनं विचारलं.

"तुमच्या राजाचा वाढदिवस हाय ना बुधवारी? मग मी काय बनियनवर जाऊ?"

आमची कराडला बँड कंपनी आहे. आजोबांनी काढली, अण्णांनी वाढवली. कराडपासून पाटणपर्यंत ज्या घरात लग्न असेल त्या घरातली म्हातारी माणसं आधी अण्णांची तारीख विचारायची, मग भटजींची. सगळ्यांच्या पुढे लाल कोट घालून, ट्रम्पेट आभाळाकडे करून चालणारे अण्णा हे मी लहानपणापासून पाहिलेलं दृश्य. शाळेतल्या पुस्तकात इंग्लंडच्या राजाचं चित्र आलं तेव्हा मी बाईंना म्हणाले होते, याचा कोट आमच्या अण्णांसारखाच आहे. सगळा वर्ग हसला होता.

नेदरलँड्सला यायचं ठरलं होतं दोन हजार वीस सालीच. मिलिंद इथे चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर. पण विमानं बंद झाली, मग सुरू झाली, मग पुन्हा बंद. तिकिटं दोनदा पुढे ढकलली. त्या मधल्या काळात मिलिंदचं लग्नही होऊन गेलं. इथल्या नगरपालिकेच्या कचेरीत, ज्याला हे लोक खेमेन्टे म्हणतात, तोंडाला मास्क लावून त्यानं आणि स्नेहानं सह्या केल्या आणि आम्ही कराडहून मोबाइलवर अक्षता टाकल्या. बँडवाल्याच्या मुलाचं लग्न आणि साधी पिपाणीसुद्धा वाजली नाही, हे अण्णांच्या मनाला फार लागलं होतं. कोरोनाच्या पुढच्या लाटेत अण्णा स्वतःच आजारी पडले. ऑक्सिजनवर होते. वाचले, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं, यापुढे फुंकायचं नाही. बँडमधल्या माणसांना मात्र अण्णांनी सांगितलं होतं, जरा आराम चाललाय.

आता बावीसच्या एप्रिलमध्ये, स्नेहाला मुलगी झाल्यावर, आम्ही एकदाचे पोचलो होतो. बाप आणि मोठी लेक.

पहिले दोन दिवस सगळं गोड चाललं. अण्णा नातीला मांडीवर घेऊन तिच्या पाठीवर केहेरवा वाजवायचे आणि ती झोपायची. खिडकीतून सायकलींचा ओघ बघत बसायचे. "एवढी श्रीमंत माणसं आणि सायकलीवर?" हा प्रश्न त्यांनी रोज नव्यानं विचारला. नळाचं पाणी थेट पितात, दारात कोणी चप्पल काढत नाही, दुपारच्या जेवणाला नुसता पाव आणि चीज, या तीन गोष्टींचा धक्का त्यांनी तसा लवकर पचवला. तिसऱ्या दिवशी मात्र जेवताना विषय निघालाच.

"सीझन सुरू झालाय. सुपाऱ्या आल्यात," अण्णा म्हणाले. "दोन वर्षांची तुंबलेली लग्नं हायत. माझ्यामागं कोण चालणार पुढं, ते सांग."

मिलिंदनं घास खाली ठेवला. "अण्णा, मला ट्रम्पेट धरायला तरी येतं का?"

"नाव तुझं लागंल. वाजवायला माणसं हायत. बोर्डावर 'आणि सन' लिहिलंय. तो सन तू."

"मी नाही येणार. आणि नुसतं नाव लावून मालक होणं मला जमणार नाही."

"मग बंद करतो. दिवाळीला वाद्यं विकून टाकतो."

मी भाकरी भाजत होते. सुपाऱ्या मी घेते, कोट मी धुऊन घेते, कुणाची आई आजारी, कुणाला उचल हवी, ते मी बघते. टाळेबंदीची दोन वर्षं वाद्यं गंजू नयेत म्हणून मीच दुपारी गोदामाचं दार लावून एकेक काढून वाजवत बसायचे. ट्रम्पेट तर अण्णांनीच मला शिकवलं होतं, मिलिंद शिकेना म्हणून. पण वरातीत बाई पुढे चालत नाही, हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर आमच्या घरात कधी भांडणसुद्धा झालं नव्हतं. त्या दिवशीही कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.  भाकरी मात्र करपली.

मास्ट्रिख्टच्या वाटेवर

राजाचा वाढदिवस म्हणजे इथला सगळ्यात मोठा सण. दरवर्षी राजाचं कुटुंब एखाद्या गावी जातं आणि रस्त्यातून चालत लोकांना भेटतं. यंदा पाळी मास्ट्रिख्टची होती. देशाच्या पार दक्षिण टोकाचं गाव, आइंडहोवनपासून आगगाडीनं तासाभरावर. दोन वर्षं घरात कोंडलेला देश त्या दिवशी प्रथमच मोकळा सुटला होता. नुकताच गाडीतला मास्कही काढायला परवानगी मिळाली होती. आमच्या डब्यात मास्क लावून बसलेले फक्त आम्ही तिघेच, मी, अण्णा आणि मिलिंद. स्नेहा बाळाला घेऊन घरी थांबली होती.

पण लोक बघत होते ते मास्ककडे नव्हे.

राजघराण्याचा रंग नारिंगी, म्हणून सगळा देश त्या दिवशी नारिंगी होतो. टोप्या, कुत्र्यांचे पट्टे, एका आजीचे तर केससुद्धा. आणि आमच्या अण्णांनी लाल कोटावर चक्क भगवा फेटा बांधला होता, तुरा काढून, शेपूट पाठीवर सोडून. फलाटावर त्यांना पाहून एका पोरांच्या टोळक्यानं कमरेत वाकून मुजरा केला. अण्णांनीही गंभीरपणे मान हलवून तो स्वीकारला. मग सेल्फी सुरू झाले. एका बाईनं मिलिंदला हळूच विचारलं, हे कुठल्या संस्थानचे? मिलिंद म्हणाला, "कराड." तिनं "ओ, कराड!" असं म्हटलं, जणू उन्हाळ्यात नेहमी जाते.

गाडीत समोरच्या कुटुंबानं आम्हाला टॉमपूस दिला. दोन खुसखुशीत पापुद्र्यांच्या मध्ये बोटभर जाड क्रीम आणि वर नारिंगी साखर, असा हा त्या दिवसाचा खास पदार्थ. तो कसा खायचा हे इथल्यांनाही अजून उमगलेलं नाही. अण्णांनी शंकरपाळ्यासारखा सरळ दातानं तोडला. वरचा पापुद्रा तोंडात गेला आणि मधलं सगळं क्रीम उडालं ते डाव्या खांद्यावरच्या सोनेरी झालरीत. समोरचं कुटुंब टाळ्या वाजवायला लागलं. मी ओल्या रुमालानं झालर पुसत होते आणि अण्णा उरलेला टॉमपूस संपवत म्हणत होते, "चव बासुंदीची हाय गं."

हसताना मिलिंदनं मला एक गंमत सांगितली. राजाच्या एका भावानं संसदेची परवानगी न घेता लग्न केलं, म्हणून गादीवरचा त्याचा हक्क कायमचा गेला. "मीही बँडला न विचारता लग्न केलंय, ताई," तो म्हणाला. "माझा हक्क तेव्हाच गेला. हे अण्णांना कोण सांगणार?"

"तू सांग," मी म्हणाले.

"आज नको. आज ते राजे आहेत."

मास्ट्रिख्ट

स्टेशनातून बाहेर पडलो आणि गर्दीनं उचललंच आम्हाला. नदीवरचा जुना दगडी पूल, पलीकडे चर्चचे मनोरे, गल्ल्यांवर नारिंगी पताका, आणि प्रत्येक कोपऱ्यावर कुणीतरी काहीतरी वाजवतंय. हा प्रांतच बँडवाल्यांचा, हे आम्हाला माहीत नव्हतं. इथे गावागणिक एक बँड असतो. अण्णांचे कान टवकारले. "तो ट्रम्पेटवाला वरचा सूर चोरतोय," असं ते एकदा म्हणाले, "ह्याचा ढोल ओला हाय," असं एकदा. त्यांना सातारा जिल्ह्यात असल्यासारखंच वाटत होतं.

राजाच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी कठडे होते. आम्ही कठड्याजवळ पोचलो, तर पिवळ्या जाकिटातल्या एका स्वयंसेवकानं अण्णांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि "अहो, तुम्ही अजून इथेच? चला, चला!" अशा अर्थाचं काहीतरी डच भाषेत ओरडून आम्हाला कठड्याच्या आत ढकललं. मिलिंद समजावत होता की आम्ही त्यातले नाही. पण त्या कोटासमोर त्याचं कोण ऐकणार? पुढच्या क्षणी आम्ही राजासाठी वाजवायला थांबलेल्या बँडच्या घोळक्यात उभे होतो.

तिथेच भेटली मारियेट. साठीची, तांबूस गालांची, अंगावर जवळपास तिच्याच आकाराचा ट्यूबा, म्हणजे खर्जातला पितळी भोंगा. ट्यूबाच्या तोंडाला कोविडच्या काळात शिवलेला नारिंगी मास्क अजून तसाच होता. आम्ही चुकून आलोय हे मिलिंदनं तिला सांगितलं, तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं हसली की ट्यूबातूनही आवाज आला. "कोट खरा आहे ना? वाजवता ना? मग चुकून कसले?" तिनं आम्हाला कॉफी दिली आणि चेरी भरलेला इथला गोड फ्लाय खायला लावला. हा बिनधोक निघाला, पुरणपोळीचा लांबचा नातेवाईक.

राजा यायला वेळ होता. मारियेट इंग्रजी बोलायची आणि अडली की डच. मिलिंद अण्णांना मराठीत सांगायचा.

"दोन वर्षं आम्हाला वाजवू दिलं नाही," ती म्हणाली. "गाणाऱ्यांना आणि फुंकणाऱ्यांना बंदी. श्वास सोडणं हाच गुन्हा."

"आमच्याकडं पण तेच, बाई," अण्णा म्हणाले. "लग्नं झाली, पण मुक्यानं."

मग राजाचा विषय निघाला. राजाला तीन मुली आहेत, असं कळल्यावर अण्णा हळहळले. "मुलगा नाही? मग दत्तक घेणार?" सातारा भागातल्या माणसाला गादी म्हटली की दत्तक आठवणारच. दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य गिळलं, हे आम्ही शाळेत रडत रडत शिकलो आहोत.

मारियेटला प्रश्नच कळला नाही. मिलिंदनं तो दोनदा सांगितला. "दत्तक कशाला?" ती म्हणाली. "मोठी मुलगी आहे ना. पूर्वी भाऊ असेल तर भावाला मान होता. मग कायदा बदलला. आता जे मूल पहिलं, ते गादीवर. आणि ह्या राजाच्या आधी आम्हाला शंभराहून जास्त वर्षं राण्याच होत्या."

"आणि ह्याची आई? ती वारल्यावर हा बसला?"

"छे! ती आहे की. आमच्या राण्या मरेपर्यंत खुर्ची अडवून बसत नाहीत. तिनं सही केली आणि मुलाला बसवलं. तिच्या आईनंही तसंच केलं. आजीनंही."

"उतरल्यावर काय म्हणतात तिला? माजी राणी?"

"नाही. उतरली की ती पुन्हा राजकन्या होते."

मिलिंदनं हे मराठीत सांगितलं तेव्हा अण्णांनी कॉफीचा कप तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. "म्हातारपणी परत राजकन्या," ते पुटपुटले. "भारीच की."

एवढ्यात गडबड उडाली. त्यांचा एक ट्रम्पेटवाला सकाळी पॉझिटिव्ह निघाला होता आणि त्याच्या जागी येणारा माणूस गर्दीत कुठेतरी अडकला होता. मारियेटनं एक जादा ट्रम्पेट काढलं, त्याच्या मुखावर सॅनिटायझर ओतून ते खसाखसा पुसलं आणि अण्णांच्या हातात दिलं.

"महाराज, मदत करा."

मी मिलिंदकडे पाहिलं, मिलिंदनं माझ्याकडे. डॉक्टरांचं म्हणणं आम्हा दोघांनाही पाठ होतं. पण अण्णांनी ट्रम्पेट आभाळाकडे केलं होतं. छाती भरून घेतली. पहिला सूर निघाला, स्वच्छ, लखलखीत, मान ताठ करायला लावणारा. आणि दुसरा मध्येच फाटला. अण्णांना खोकला सुटला. कोटाची बटणं हलेपर्यंत ते खोकत राहिले. बँड थांबला. कठड्यापलीकडची माणसंही थांबली. अख्ख्या जगाला खोकल्याची भीती असलेली ती वर्षं, पण मागे कुणीच सरकलं नाही. मारियेटनं ट्यूबासकट त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

अण्णांनी डोळे पुसले. ट्रम्पेट माझ्यासमोर धरलं.

"ही वाजवती," ते मिलिंदला म्हणाले. "सांग त्यांना. माझी थोरली."

"अण्णा, इथे रस्त्यावर?" मी म्हणाले.

"मग काय गोदामात? दोन वर्षं ऐकतोय मी दाराबाहेर खुर्ची टाकून. धर."

त्यांनी ऐकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यावर विचार करायला वेळच नव्हता. मुख पुन्हा सॅनिटायझरनं पुसलं, ओठाला लावलं, आणि तो कडू, झिणझिण्या आणणारा वास नाकात भरला. त्या बँडचं मार्च, म्हणजे कवायतीच्या ठेक्यातली धून, मी कधी ऐकलेलं नव्हतं. पहिल्या फेरीत नुसती बोटं फिरवली, दुसरीत खालच्या सुरांना चिकटले, तिसरीत मला वळणं कळली. आमच्याकडे कागद बघून कोण वाजवतं? नवरदेवाचा मामा कानात चाल सांगतो आणि दोन मिनिटांत ती वाजली पाहिजे. ही सवय इथे कामी आली.

मार्च संपलं. राजा अजून आला नव्हता. अण्णा माझ्या कानाशी आले, अगदी मामासारखे, आणि म्हणाले, "दारातली घे."

वरात नवऱ्या मुलीच्या दारात पोचते, तेव्हा वाजवायची आमची एक चाल आहे. आजोबांनी बसवलेली. पायात बळ असो नसो, माणूस नाचतोच अशी. मी सुरू केली. एकटीच. दोन ओळी झाल्या आणि मागून मारियेटचा ट्यूबा आला, "भूम, भूम", मास्कमधून घुमत. मग ढोल. अण्णांनी टाळ्यांनी ठेका देऊन तो कुठे तुटतो ते त्यांना समजावलं. मग सगळा बँड तुटून पडला. कठड्यापलीकडे माणसं उड्या मारायला लागली. ती नारिंगी केसांची आजी कुठून आली कोण जाणे! आणि आमचा मिलिंद, चिपचा इंजिनियर, नारिंगी रुमालाचं एक टोक दातात धरून, दुसरं हातात ताणून, गुडघे वाकवून नागासारखा डोलत रस्त्याच्या मधोमध आला. दोन पोलीस हसत बाजूला झाले. स्वतःच्या लग्नात न नाचलेला माणूस राजाच्या वाढदिवसाला व्याज वसूल करत होता.

मी डोळे मिटून वाजवत होते. वरचा सूर लागला की माझे डोळे मिटतातच. आरडाओरडा वाढला तो मला नाचाचाच वाटला. चाल संपवून डोळे उघडले, तर पुढच्या वळणावर नारिंगी फुलांच्या मागे काही पाठी दिसेनाशा होत होत्या.

"राजा गेला?" मी विचारलं.

"राजा गेला, राणी गेली, तिन्ही पोरी गेल्या," मिलिंद धापा टाकत म्हणाला. "तू कुठे होतीस?"

राजानं हात हलवला तो अण्णांच्या फेट्याला, की मारियेटला, की मिलिंदच्या नागाला, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. अण्णांना राजापेक्षा थोरली राजकन्याच आवडली. "लोकांकडं बघून चालती," ते म्हणाले. "पायाकडं न्हाई. पुढं चालणाऱ्यानं तसंच चालायचं असतं."

परतीच्या गाडीत

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. अण्णांनी कोटाची वरची दोन बटणं सोडली आणि मिलिंदला फोन लावायला सांगितलं. कराडला तेव्हा संध्याकाळ उलटून गेली होती. पलीकडे दादू होते, आमच्या बँडमधले सगळ्यात जुने क्लॅरिनेटवाले. फोन स्पीकरवर होता.

"दादू, मला आता फुंकाय येत न्हाई," अण्णा म्हणाले. मध्ये कुठे अडखळले नाहीत, एका दमात सांगितलं. "छातीच गेली. आराम-बिराम काय न्हवता."

"ठाव हाय, अण्णा," दादू म्हणाले. "सगळ्यास्नी ठाव हाय."

"या सीझनपासून शैला पुढं चालणार. मास्तर ती."

 मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर गाई, कालवे, सायकली, मला काही दिसत नव्हतं.

"लोक बोलतील," दादू म्हणाले.

"बँड सुरू झाला की कुणाला ऐकू जातंय?"

दादू हसले. "मग तुम्ही काय करणार? बँडच्या गाडीत बसणार?"

"मी?" अण्णा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं, शाळा सुटल्यासारखं काहीतरी होतं. "दादू, जन्मभर दुसऱ्यांना नाचवलं. ट्रम्पेट हातात म्हणून एकदा पण नाचाय मिळालं न्हाई. आता मी नाचणार."

कराड

मेमध्ये ओगलेवाडीच्या एका लग्नात मी पहिल्यांदा पुढे चालले. कोट घाईत शिवून घेतला होता आणि काखेत काचत होता. नवरदेवाच्या काकांनी आधी तोंड वाकडं केलं. दोन बायका दारातून नुसत्या बघत राहिल्या, हसल्याही नाहीत. पहिल्या चालीत एक सूर माझाही फाटला. मी लोकांकडे बघायचं ठरवलं आणि चालत राहिले.

अण्णा वऱ्हाडात होते, साध्या पांढऱ्या सदऱ्यात. त्यांना नाचता अजिबात येत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. आयुष्यभर ताल सांभाळलेला माणूस, पण पाय एकीकडे आणि हात भलतीकडेच. पोरांनी त्यांना मध्ये घेतलं. दर थोड्या वेळानं त्यांना दम लागायचा. मग ते कुणाच्यातरी ओट्यावर टेकायचे, कुणीतरी पाणी द्यायचं, आणि बँड दोन घरं पुढे गेला की "अगं, थांब, थांब!" असं मला ओरडत, पळत पळत येऊन पुन्हा नाचात घुसायचे.

मी थांबले नाही. चाल थोडी संथ केली.